सहा महिने माझे, सहा विहीणबाईंचे

७ जुलै, सोमवार

निळ्या स्वेटरवाली गेली. परवा तिने हाताचं विमान करून दाखवलं तेव्हाच मला शंका आली होती. आज बागेत गेले तर तीच बाबागाडी, तीच लाल टोपी, तेच गोड शेंबडं पोर — आणि ढकलायला दुसरीच म्हातारी. ताठ मानेची. बसायच्या आधी रुमालाने बाक पुसला. मी मनात म्हटलं, ही मुलाची आई. मुलाच्या आईची चाल कुठल्याही देशात ओळखू येते.

जवळजवळ चार महिने आम्ही दोघी त्या बाकावर बसलो. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला नाही, आणि इथली दोघींनाही नाही. पण कुठे काही अडलं? तिचे गुडघे, माझी कंबर, सगळं बोलून झालं. एकदा तिने तिच्या जावयाची नक्कल करून दाखवली. मान खाली, अंगठा फोनवर, बायको बोलतेय तर नुसतं हूं. मी म्हटलं, अगं बाई, हे तर आमचेच! तिला शब्द कळला नाही पण हसून हसून ठसका लागला. पोराची बाटली मी धरली तेवढ्यात.

या बागेतल्या सगळ्या म्हाताऱ्या शिफ्टवरच्या. आधी मला वाटायचं, किती आज्या आहेत या गावात, काय भाग्य पोरांचं. मग कळलं. पाहुण्याला सहा महिन्यांच्या वर राहू देत नाहीत. म्हणून सहा महिने मुलीची आई, सहा महिने मुलाची. एक विमानात बसली की दुसरी उतरते. कारखान्यात भोंगा होतो नि एक माणूस यंत्रावरून उठतं, दुसरं बसतं, तसं. यंत्र थांबता कामा नये.

आमचं यंत्र म्हणजे ठकी. सात महिन्यांची आहे. नाव मोठं, चांगलं ठेवलंय लेकीने, पण ते माझ्या तोंडात बसत नाही. ठकीच बरं. माझी शिफ्ट सप्टेंबरच्या मध्यावर संपते. मग विहीणबाई येणार.

नव्या म्हातारीकडे बघून हसले. तिने मान हलवली. नुसती हलवली. बघू, येईल लायनीवर.

९ जुलै, बुधवार

जावई आज दुपारीच घरी आले. गाडी बिघडली आणि कंपनीने दुसरी दिली नाही, अर्धा दिवस बुडाला. मी चहा केला. त्यांनी टीव्ही लावला तर एक गृहस्थ टेबलावर मूठ आपटत होते.

"कोणावर रागावलेत हे?" मी विचारलं.

"आपल्यावर."

"आपण काय केलं?"

"आपण आलो, आई."

मग दुसरे आले, हसऱ्या तोंडाचे. ते म्हणत होते म्हणे, देशात पोरं जन्मत नाहीत, म्हातारे वाढलेत, कामाला माणसं नाहीत, बाहेरून आणल्याशिवाय गाडा चालायचा नाही. मी म्हटलं, "हे समजूतदार दिसतात. यांना तुमचं सांगा की."

जावई हसले. त्यांचं हसणं अलीकडे असं झालंय — तोंड हसतं, बाकी चेहरा जागच्या जागी.

आपल्याकडे ते इंजिनिअरिंगच्या कॉलेजात शिकवायचे. यंत्रांची चित्रं काढायला. बाजारात निघाले तर पोरं सायकलवरून उतरून सर, सर करायची. लेकीला इथं काम लागलं म्हणून तिच्या मागोमाग आले. मला वाटलं, एवढा शिकलेला माणूस, इथं तर हातोहात घेतील. खोकी पोचवतात. दारोदार. जिथं अर्ज करावा तिथं एकच पालुपद — इथला अनुभव नाही. अहो, काम दिल्याशिवाय इथला अनुभव येणार कुठून? आधी लग्न झालेलं असेल तरच मुलगी देऊ म्हणण्यातला प्रकार.

मागे एका कंपनीत त्यांना मुलाखतीला बोलावलं होतं. तासभर बसवून प्रश्न विचारले. नको म्हणाले. पुढच्याच महिन्यात त्याच कंपनीत खोकं द्यायला गेले तर सही करायला तोच मुलाखतवाला. ओळखलंच नाही त्याने. "आभारी आहे," म्हणाला आणि दार लावलं. हे जावयांनी मला कपडे वाळत घालता घालता सांगितलं. लेकीला सांगितलं नाहीये. मीही सांगितलं नाही.

मी विचारलं, "पण तो हसऱ्या तोंडाचा तर म्हणतो माणसं पाहिजेत."

"पाहिजेत ना. उचलायला, पुसायला, पोचवायला. बसायच्या खुर्च्या त्यांच्या त्यांना पुरतात."

१० जुलै, गुरुवार

ठकीने आज स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात घातला. गोड लागला असावा. दिवसभर तेच.

१७ जुलै, गुरुवार

लेक घरी येते तेव्हा तिच्या हाताला औषधाचा वास येतो. ती पाणी तपासते. नळाचं, नदीचं, कारखान्यातून सुटलेलं. मोठी प्रयोगशाळा आहे, पांढरा डगला घालतात. डगल्यातला फोटो मी आमच्या ह्यांना पाठवला तर ते म्हणाले, डॉक्टरीण दिसते. मग तासाभराने परत फोन — चहाची पावडर कुठल्या डब्यात. पाचवा महिना चाललाय मी येऊन, आणि पावडर त्याच डब्यात आहे.

आल्या आल्या लेक हात धुते, ठकीला घेते, पदर — पदर कुठला, सदरा — सदरा वर करते आणि भिंतीला टेकून डोळे मिटते. दिवसभराचं दूध तिथं कामावर यंत्राने काढून बाटलीत भरून आणते. कुठे काढतेस म्हणून विचारलं तर म्हणाली, कोठीच्या खोलीत. झाडू-बादल्यांच्यात. मी म्हटलं, काय ही तऱ्हा. ती म्हणाली, "आई, दाराला कडी आहे. एवढं पुरे."

नोकरी अजून कच्ची आहे. ऑक्टोबरअखेर ठरणार, कायम करायचं की नारळ द्यायचा. साहेबीण गोड बोलते, पाठीवर हात ठेवते. पण मागच्या वर्षी दोघींनी पोर आजारी पडलं म्हणून घरी राहायला सुरुवात केली, आणि त्या दोघी कायम झाल्या नाहीत. तेव्हापासून लेक कुणालाच सांगत नाही की घरी बाळ आहे. म्हणजे माहीत आहे त्यांना, पण ती विषयच काढत नाही. ताप आला तरी मी आहे. दात आले तरी मी आहे.

ती कायम झाली तर सगळे इथं राहू शकतात. जावयांना आपल्या विद्येचं काम शोधायला उसंत मिळते. नाही झाली तर राहायची परवानगीच जाते, आणि सगळ्यांचं चंबूगबाळं. इथपर्यंत यायला काढलेलं कर्ज मात्र येत नाही बरोबर उतरून, ते चढलेलंच राहतं.

पाळणाघर म्हणाल तर, नाव घातलंय. पुढच्या वर्षी नंबर लागेल. ठकी पोटात होती तेव्हाच घालायला हवं होतं म्हणे. आणि नंबर लागला तरी जावयांचा अख्खा पगार त्यात जातो. मग खोकी पोचवायची ती कशाला? लेक म्हणाली, "सगळे असंच करतात, आई. पाळणाघराऐवजी आया आणतात."

मी म्हटलं, स्वस्तात पडतात.

तिने उठून बाटल्या धुवायला घेतल्या. मी गमतीने म्हटलं होतं.

२ ऑगस्ट, शनिवार

बागेतली नवी म्हातारी लायनीवर येत नाही. आपलं बाक पुसते, बसते, पोराला मांडीवर उभं करून आकडे शिकवते. आकडेच असणार, बोटं मोजून दाखवते. पोर सव्वा वर्षाचं. मला विहीणबाईंची आठवण आली.

विहीणबाई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या पण आवाज निवृत्त झाला नाही. फोनवर ठकीशी बोलतात तेही पूर्ण वाक्यात. "बाळ, तू आज काय खाल्लेस?" ठकी स्क्रीन चाटते. मला त्यांचा धाक वाटतो, लपवायचं कशाला. लेकीच्या लग्नात मी त्यांच्यासमोर बसून जेवलेच नाही. मी चौथी शिकलेली बाई, बोलताना चुकले तर? तशा वाईट नाहीत हो. लेकीला कधी वावगा शब्द बोलल्या नाहीत. फक्त चुकलं की दुरुस्त करतात.

इथली भाषा त्यांना फाडफाड येते. मला नुसतं "हो", "नाही", "आभारी" आणि "बाळ झोपलंय".

मी आले तेव्हाची गंमत. लेकीने निघायच्या आधी फोनवर आठवडाभर घोकून घेतलं होतं — काउंटरवर विचारलं का आलात, तर "मुलीला भेटायला, फिरायला" एवढंच म्हणायचं. नात सांभाळायला आले असं चुकूनही म्हणायचं नाही. का गं? तर पाहुण्याने काम करायचं नसतं, आणि पोर सांभाळणं हे त्यांच्या लेखी काम. मला आधी हसूच आलं. आमच्या जन्मात कुणी त्याला काम म्हटलं नव्हतं. बरं वाटलं जरा.

प्रत्यक्षात काउंटरवरच्या माणसाने काहीतरी विचारलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. घोकलेलं सगळं गेलं. मी नुसती हसले. तोही हसला. त्याने फोनवर कुणाला तरी विचारलं, परत हसला, शिक्का मारला. बाहेर लेक होती आणि तिच्या कडेवर तीन महिन्यांची ठकी. फिरायला आले म्हणे! पाच महिन्यांत मी बाग, दुकान आणि दवाखाना, एवढं फिरले. पण मजेत आहे मी. ठकी सकाळी उठून मला बघते आणि अख्ख्या अंगाने हसते, पायाच्या बोटांपर्यंत. त्याच्यापुढे काय फिरायचंय.

१९ ऑगस्ट, मंगळवार

विहीणबाईंचं तिकीट आलं. चार सप्टेंबरला पोचतात. मी पंधराला निघायचं. मधले दिवस दोघी, म्हणजे ठकी त्यांना सरावेल. ठीक झालं.

जेवताना लेकीने जावयांना विचारलं, "तुम्ही आईंना सांगितलंत ना, काउंटरवर काय बोलायचं ते?"

जावई भात कालवत राहिले. "तिला काय सांगायचं. हुशार आहे ती."

"हुशारीचा प्रश्न नाही. नात सांभाळायला आले म्हणाल्या तर?"

"मग तू सांग."

"मी? मी सून आहे. सासूला मी सांगू खोटं बोला म्हणून?"

"आणि मी मुलगा आहे म्हणून सांगू? खोटं बोललो म्हणून तिने मला दुसरीत वर्गाबाहेर उभं केलं होतं. स्वतःच्या मुलाला. आता साठीनंतर तिलाच शिकवू?"

मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझ्याकडे बघू नका. मी मुलीची आई. मी कुठल्या तोंडाने विहीणबाईंना शिकवणी देऊ? आणि खोटं तरी कुठे पूर्ण आहे, मुलाला भेटायला येताहेतच की.

"त्यांना कळेल आपलं आपण," जावई म्हणाले. "एवढी वर्षं शाळा चालवलीय."

तेवढ्यात ठकीने वाटी उलटी केली. विषय राहिला तो राहिलाच.

४ सप्टेंबर, गुरुवार

लिहायला मन होत नाही. तरी लिहिते, नाहीतर डोक्यात फिरत बसेल.

लेकीने रजा मागितलीच नव्हती. मी, जावई आणि ठकी, असे विमानतळावर गेलो. ठकीला पिवळा झगा घातला होता. आजी बघणार म्हणून केसांना पाणी लावून भांग पाडला, चार केस आहेत पण पाडला. दार उघडायचं, माणसं बाहेर यायची, रडायची, मिठ्या मारायची. मला तर परक्यांचं बघूनच भरून येत होतं. त्या विमानातली सगळी आली. विमान चालवणारेसुद्धा आले टोप्या घालून. विहीणबाई नाहीत.

मी म्हटलं, "चष्मा बॅगेत राहिला असेल. बॅग शोधत असतील." जावई नुसते दाराकडे बघत उभे. मग त्यांचा फोन वाजला आणि त्यांना आत बोलावलं.

ठकी माझ्या खांद्यावर झोपली, उठली, झगा ओला केला. मी बाकावर दुपटं टाकून बदलला. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना काय ते. माझ्या शेजारी बसले. "परत पाठवताहेत," म्हणाले. "पुढच्या विमानाने."

विहीणबाईंनी काही लपवलं नव्हतं. का आलात असं विचारल्यावर त्यांनी नीट, पूर्ण उत्तर दिलं. माझा मुलगा आणि सून दोघंही नोकरी करतात. तुमच्याकडे पाळणाघरात जागा नाही. आतापर्यंत मुलीच्या आईने बाळाला सांभाळलं, आता सहा महिने मी सांभाळणार. तो माणूस म्हणाला, ते काम झालं, तुम्हाला काम करायची परवानगी नाही. विहीणबाईंनी सांगितलं, मी पैसे घेणार नाही. तो म्हणाला, पैसे घेतले नाहीत म्हणजे ते काम नाही असं तुमचं म्हणणं आहे का? तिथं "हो" म्हणायचं होतं, बस. विहीणबाई म्हणाल्या, "काम तर आहेच. मी तीन मुलं वाढवलीत, मला माहीत आहे."

जावयांना दोन मिनिटं भेटू दिलं. "पाठ ताठ होती तिची," ते म्हणाले. "मला विचारलं, मी काही चुकीचं बोलले का?"

"मग तुम्ही?"

"नाही म्हणालो."

त्यांनाही त्या लोकांनी विचारलं, आत्तापर्यंत बाळ कोणाकडे असायचं. आम्ही दोघं वाटून घेतो म्हणाले, सासूबाई पाहुण्या आल्यात. त्या माणसाने ते लिहून घेतलं. वर मान केली नाही.

गाडीत ठकी सारखी बोलत होती. तिला नवीन अक्षर सापडलंय, बा.

५ सप्टेंबर, शुक्रवार

लेक कामावर गेली. जावई कामावर गेले. मी आहे, अजून दहा दिवस.

७ सप्टेंबर, रविवार

विहीणबाईंचा फोन आला. माझ्या फोनवर. असा आधी कधी आला नव्हता. मी उभीच राहिले.

"विहीणबाई, एक विचारते. तुम्ही काय सांगितलं होतंत आत येताना?"

"काही नाही हो. मला कुठे भाषा येते. हसले नुसती."

त्या म्हणाल्या, "म्हणजे मला बोलता आलं, ते नडलं."

"असं कसं म्हणता."

"असं सांगायचं नसतं, हे घरात माहीत होतं?"

मी ठकीकडे बघितलं. ती पडद्याचा कोपरा चोखत होती. खोटं बोलवेना. "होतं," म्हटलं.

"आणि मला कोणी सांगितलं नाही."

"तुमच्यापुढे बोलायची आमची काय प्राज्ञा, विहीणबाई."

"हं," त्या म्हणाल्या. "सगळे मला घाबरतात याचा मला आयुष्यभर अभिमान वाटत आला." आणि फोन ठेवला. रागाने नाही. हळूच ठेवला.

दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. एक वाक्य. तिघांपैकी कुणीही बोललं असतं तरी चाललं असतं. मी बोलले असते तर त्या फार तर काय करणार होत्या? दुरुस्त केलं असतं मला.

१० सप्टेंबर, बुधवार

सगळं बोलून झालं. माझी मुदत वाढवायला अर्ज करावा तर ते विचारणार, कशाला राहायचंय? आणि आता त्यांच्याकडे लिहिलेलं आहे. जावई म्हणाले, नको ते उकरायला.

मी म्हटलं, जावईबापू, रागावू नका, पण तुम्हीच घरी राहिलात तर? ऑक्टोबरपर्यंत? ते रागावले नाहीत. म्हणाले, "आई, घरभाडं माझ्या गाडीतून जातं. हिच्या पगारातून कर्ज. एक चाक काढलं तर कशावर चालायचं?"

लेक म्हणाली, "मी सोडते नोकरी."

"सोडलीस तर परवानगी जाते. मग सगळेच गेलो."

मी भांडी घासत होते, पाणी बंद केलं. आवाज नको वाटला. मग लेक म्हणाली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, तू जाताना ठकीला घेऊन जा. कायम होईपर्यंत. झाले की आम्ही येऊन घेऊन जाऊ."

"अगं, अंगावर पिते ती."

"सुटेल."

"तुझं काय?"

"माझंही सुटेल."

या पानाला सांगायला काय हरकत आहे — ते ऐकलं तेव्हा एक क्षण माझ्या पोटात आनंद उसळला. ठकी माझ्याकडे! माझ्या घरात, माझ्या अंथरुणात, रोज सकाळी ते हसणं. पुढच्याच क्षणी लेकीचा चेहरा दिसला आणि मला माझीच लाज वाटली. पण झाला तो झाला होता आनंद.

१५ सप्टेंबर, सोमवार

विमानतळ. लिहायला वेळ आहे, ठकी झोपलीय.

ठकीला नेऊ देतो असा दोघांच्या सहीचा कागद लागेल म्हणून जावयांनी जिवाचं रान करून आणला होता. ठकीचा पासपोर्ट, फोटोत ती जांभई देतेय. निघताना लेकीने ठकीला छातीशी धरलं आणि तिचा सदरा पुढून ओला झाला. तिने माझ्याकडे बघितलं आणि जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली. तिला तिथूनच कामावर जायचं होतं.

काउंटरवर मी ठकीचे कागद पुढे केले. आता हे विचारणार, कुणाचं मूल, कुठे नेता. बाई होती. तिने ठकीला टाटा केला, गालातल्या गालात हसली, शिक्का मारला. पोर सांभाळायला आत येताना एवढा जाबजबाब, आणि पोर घेऊन बाहेर जाताना कुणी हूं की चूं केलं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

घरी. ठकीने ह्यांना जिंकलं. चहाची पावडर न सापडणारा माणूस मध्यरात्रीसुद्धा दुपटी शोधून देतो. वाटीने दूध पिते आता. पहिले आठ दिवस फार रडली, माझ्या छातीला तोंड घासायची आणि काही नाही म्हणून परत रडायची. आता नाही रडत.

विहीणबाई बसने येऊन भेटून गेल्या. पाच तासांचा प्रवास. ठकीला मांडीवर घेतलं आणि पूर्ण वाक्यात काही बोलल्या नाहीत. नुसतं अले ले ले. जाताना मला म्हणाल्या, "विहीणबाई, पंधरा दिवस तुमच्याकडे, पंधरा माझ्याकडे, असं करू या का?" म्हटलं करू या. आमची शिफ्ट चालूच. फक्त यंत्र इकडे आलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

फोनवर लेक दिसली की ठकी आधी हात पसरायची. आज तिने मान फिरवून माझ्या खांद्यात तोंड लपवलं. मी म्हटलं, झोप आलीय तिला. लेक म्हणाली, "हो, दिसतंय."

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

आज ठरायचं होतं. लेक म्हणाली, निर्णय पुढे ढकललाय, सगळ्यांचाच. आवाज बरा होता. जास्तच बरा. ठकी आज धरून उभी राहिली, ते बघून घे म्हटलं तर म्हणाली, नंतर बघते, घाईत आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

जावयांनी सांगितलं. प्रयोगशाळा मागच्या महिन्यातच विकली गेली, कच्च्या नोकरीवरच्या सगळ्यांना त्याच दिवशी घरी पाठवलं. दुसरी नोकरी शोधायला थोडी मुदत दिलीय, तोवर राहता येतं. मी लेकीला फोन लावला. रडली नाही. म्हणाली, सध्या एक काम मिळालंय, लगेच मिळालं, त्याला माणसं कमीच आहेत इथं. एका घरी जाते. नवरा-बायको दोघं नोकरीवर, त्यांचं बाळ सांभाळायचं. कागदावर ते चालतं का, हे मी विचारलं नाही.

मुलगी आहे, ठकीएवढीच. "लगेच रुळली गं माझ्याशी," म्हणाली.